न दिसणारे कवच

लोहार कोयत्याला पाणी कसे पाजतो, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. तापून लाल झालेला कोयता तो पाण्यात बुडवतो. त्यामुळे पाते कठीण होते खरे, पण इतके कठीण की दगडावर आपटताच त्याचा टवका उडावा. म्हणून कसबी लोहार ते पाते घासून उजळ करतो आणि पुन्हा मंद आचेवर धरतो. आता त्याची नजर पात्यावर खिळलेली असते. उजळ पोलादावर आधी कडब्यासारखा पिवळा रंग चढतो, मग तांबूस, मग जांभळा आणि शेवटी निळा. हवा तो रंग आला की पाते पुन्हा पाण्यात! सुमारे २२० ते ३०० अंश सेल्सिअसमधला हा सारा खेळ आहे. आणि ज्याच्याजवळ उष्णतामापक नाही, त्याने तो रंगावरून ओळखावयाचा आहे.

हा रंग येतो कोठून? पोलादाला कोणी निळ लावलेली नसते. तापलेल्या पोलादाशी हवेतील प्राणवायूचा, म्हणजे ऑक्सिजनचा, संयोग होतो आणि त्यावर एक अत्यंत पातळ पापुद्रा धरतो. तो पापुद्रा जाड होत जातो तसा रंग पालटतो. आज आपण अशाच एका पापुद्र्याचा इतिहास पाहणार आहोत. मात्र तो आहे टायटॅनियम नावाच्या धातूवरचा. आज हा धातू विमानाच्या इंजिनात आहे आणि मोडलेल्या मांडीच्या हाडातही आहे. त्याच्यावरचे कवच थंडपणी त्याचे रक्षण करते. पण धातू फार तापला म्हणजे तोच प्राणवायू त्याचा घात करतो. ही सीमा कोठे आहे, हे शोधता शोधता माणसाला पुष्कळ वर्षे लागली आणि त्याची किंमतही मोजावी लागली.

प्रथम रंगाची गोष्ट. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर दिसणाऱ्या रंगांचा विचार केला आणि त्याच ओघात तापलेल्या पोलादावरील रंगांचाही केला. दोन्हीकडे पातळ थर आहे, हे त्याने हेरले. पुढे न्यूटनने १७०४ च्या आपल्या 'ऑप्टिक्स' ग्रंथात अशा पातळ थरांच्या जाडीची मापे दिली. शंभर वर्षांनी, १८०१ च्या सुमारास, थॉमस यंगने या रंगांचा उलगडा केला. थराच्या वरच्या अंगावरून काही प्रकाश परत येतो, काही प्रकाश आत शिरून खालच्या अंगावरून परत येतो. हे दोन किरण पुन्हा भेटतात तेव्हा एखादा रंग पुष्ट होतो, एखादा मावळतो. साबणाच्या फुग्यावर आणि पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे रंग दिसतात, ते याच कारणाने. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचे सारे सोपे होईल: रंग पापुद्र्याची जाडी सांगतो.

आता खुद्द धातूकडे वळू. इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतात विल्यम ग्रेगर नावाचा एक पाद्री होता. त्याला खनिजांचा छंद. १७९१ साली त्याने आपल्या परिसरातील एका ओढ्याची काळी वाळू तपासली आणि तीत एका अनोळखी धातूचे भस्म असल्याचे जाहीर केले. चार वर्षांनी बर्लिनच्या मार्टिन क्लाप्रोथलाही दुसऱ्या खनिजात तेच भस्म आढळले. ग्रीक पुराणात टायटन नावाचे पृथ्वीपुत्र आहेत. त्यांच्यावरून त्याने या धातूला टायटॅनियम हे नाव दिले. ग्रेगरने तपासलेल्या काळ्या वाळूतल्या खनिजाला पुढे इल्मेनाइट म्हणू लागले. ते आपल्याला परके नाही. केरळच्या किनाऱ्यावर त्याचे मोठे साठे आहेत आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही ते सापडते.

नाव मिळाले, भस्म मिळाले, पण धातू काही हाती येईना! नामकरणानंतर शंभराहून अधिक वर्षे अशीच गेली. कारण उघड होते. या धातूला प्राणवायूची ओढ इतकी, की लोखंडाच्या दगडातून कोळशाच्या आचेने लोखंड निघते तसे याचे करता येत नाही. कोळशाने प्राणवायू काढावा, तर कोळशाचाच कार्बन धातूत शिरून बसतो. १९१० साली अमेरिकेत मॅथ्यू हंटरने दुसरी वाट काढली. त्याने टायटॅनियमचा क्लोरीनशी संयोग करून घेतलेला द्रव पोलादाच्या बंद भांड्यात सोडियमबरोबर तापवला आणि जवळजवळ शुद्ध धातू मिळवला. तरी हा धातू ठिसूळच, अशी समजूत पुढेही पुष्कळ दिवस टिकून राहिली. १९२५ साली हॉलंडमध्ये फान आर्केल आणि द बूर या दोघांनी आयोडीनच्या साहाय्याने फार शुद्ध टायटॅनियम तयार केले. ते थंडपणीही वाकवता येई, ठोकता येई. तेव्हा कळले, की ठिसूळपणा हा धातूचा स्वभावच नव्हे. त्याच्या पोटात शिरलेल्या प्राणवायूचा आणि नत्रवायूचा तो दोष.

पुष्कळ धातू तयार करण्याची वाट विल्हेल्म क्रोल या लक्झेंबर्गच्या धातुशास्त्रज्ञाने दाखवली. त्याने सोडियमऐवजी मॅग्नेशियम वापरले आणि भांड्यातील हवा काढून तिच्या जागी आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरला. १९४० साली तो अमेरिकेस गेला. त्याच वर्षी जर्मन सैन्याने लक्झेंबर्ग व्यापले. १९४८ पासून अमेरिकेत त्याच्या पद्धतीने धातूचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. या पद्धतीने निघालेला धातू समुद्रातल्या स्पंजासारखा सच्छिद्र असतो. म्हणून त्याला स्पंज असेच म्हणतात.

आता या धातूचे कवच पाहू. टायटॅनियमचा पत्रा कापला, की कापलेल्या उघड्या अंगावर क्षणार्धात प्राणवायूचा पापुद्रा धरतो. त्याची जाडी केवढी? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा. त्यांतले दोन ते सात भाग, एवढीच. इतका पातळ असल्याने तो डोळ्यांना दिसत नाही आणि रंगही दाखवीत नाही. पण तेवढ्यानेच धातू खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे जसाच्या तसा राहतो. ओरखडा पडला तर जखमेवर खपली धरावी तसे कवच पुन्हा धरते. आणि खपलीला दिवस लागतात, याला क्षण पुरतो. लोखंडाच्या गंजाशी ताडून पाहा. गंज भुसभुशीत असतो. त्यातून पाणी आणि हवा आत शिरतच राहतात आणि नांगराचा फाळ पोखरला जातो. टायटॅनियमचे कवच घट्ट असते, अंगाला चिकटून असते.

अशी कवचे कशी वाढतात, याचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभी हाती आले. १९२० साली जर्मनीत गुस्ताफ टामानने दाखवले, की असा थर जाड होत जातो तशी त्याची वाढ मंदावते. कारण आपणांस सहज पटेल. बाहेरच्या वायूला आतल्या धातूपर्यंत पोचण्यास त्या थरातूनच वाट काढावी लागते. थर जाड झाला की वाट लांबते. १९२३ साली पिलिंग आणि बेडवर्थ यांनी आणखी एक कसोटी दिली. धातूचे भस्म झाले म्हणजे ते मूळ धातूपेक्षा किती जागा व्यापते, ते मोजावे. जागा कमी पडली, तर अंगरखा आखूड शिवल्यासारखे होते आणि धातू उघडा पडतो. मॅग्नेशियमचे असे होते. जागा जास्त व्यापली, तर धातू झाकला जातो. टायटॅनियमच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे पावणेदोन पट आहे. म्हणजे या कसोटीने पाहिले, तर टायटॅनियमचे कवच उत्तम ठरावे.

पण आच वाढली म्हणजे ही कसोटी अपुरी पडते. सुमारे ५५० अंशांच्या पुढे एक निराळीच गोष्ट घडू लागते. प्राणवायू नुसता वर साचत नाही, तर धातूत मुरतो! मातीचे ढेकूळ पाणी पिते, तसा हा धातू प्राणवायू पितो. त्याची ही तहान विलक्षण आहे. त्याच्या घट्ट रचनेत दर १०० अणूंमागे सुमारे ३३ अणू प्राणवायूचे सामावू शकतात. लोखंड किंवा ॲल्युमिनियम असे करीत नाही. कवचाखालचा धातूचा थर मग काचेसारखा कठीण आणि ठिसूळ होतो. इंग्रजीत त्याला 'अल्फा केस' म्हणतात. आपण 'ठिसूळ साल' म्हणू. ही साल मिलिमीटरच्या दशांशाहूनही पातळ असेल. पण धातूवर वारंवार ताण पडला, की पहिली भेग तेथे पडते आणि ती भेग आतल्या चांगल्या धातूत उतरते.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. थोडा प्राणवायू हा दोष नव्हे. शुद्ध टायटॅनियमच्या ज्या प्रती बाजारात मिळतात, त्यांतल्या पहिल्या प्रतीत प्राणवायू जास्तीत जास्त ०.१८ टक्के, तर चौथ्या प्रतीत ०.४० टक्के चालतो. प्रामुख्याने एवढ्याशा फरकामुळे चौथी प्रत पहिलीपेक्षा दुपटीहून अधिक ताण सोसते. मात्र ती ताणली जाते कमी. भाजीतल्या मिठासारखे हे आहे. सगळीकडे सारखे आणि बेताचे असेल तर चव; एकाच जागी खडा राहिला तर घास थुंकावा लागतो.

मग धातू तापवूच नये, असे कोणी म्हणेल. पण त्यावाचून गत्यंतर नाही. १९५४ साली अमेरिकेत एक मिश्रधातू तयार झाली: टायटॅनियममध्ये सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम. या धातूच्या इतिहासात हिच्याइतकी दुसरी कोणतीच मिश्रधातू वापरली गेलेली नाही. तिला आकार द्यावयाचा तर ९०० अंशांच्या वर ठोकावी लागते. तिच्यातील ताण काढावयाचा तर ४८० ते ६५० अंशांवर ठेवावी लागते. ती आणखी बळकट करावयाची तर सुमारे ९५० अंशांवरून पाण्यात बुडवून पुन्हा ५०० ते ६०० अंशांवर काही तास मुरवावी लागते. म्हणजे जी आच तिला गुण देते, तीच आच प्राणवायूला दार उघडून देते! शिवाय मिश्रधातूचे कवच साधे राहत नाही. ती हवेत खूप तापवली, तर तिच्यातील ॲल्युमिनियमही कवचात येतो आणि एकावर एक निरनिराळे थर बसतात. आच फार वाढली, की ते पोपडे होऊन सुटतात आणि कवचाचा उपयोग संपतो.

यावर कारखान्यांनी तीन उपाय योजले. पहिला, हवाच काढून टाकणे: भट्टी निर्वात करावयाची किंवा तीत आर्गॉन भरावयाचा. दुसरा, ठिसूळ साल काढून टाकणे: नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक या आम्लांच्या मिश्रणात धातू बुडवून किंवा यंत्रावर कातून ती उतरवावयाची. तिसरा, आच आणि वेळ यांचे काटेकोर माप ठेवणे. पुढे तर याच स्वभावाचा फायदाही घेतला गेला. निर्वात जागी पुरेसे तापवले, म्हणजे टायटॅनियमचे कवच धातूतच विरघळून जाते आणि अंग स्वच्छ होते. असे दोन स्वच्छ पत्रे सुमारे ९०० अंशांवर एकमेकांवर दाबून ठेवले, तर न वितळता एकजीव होतात. १९९० नंतरच्या काही मोठ्या विमान इंजिनांतील पोकळ पाती या रीतीने तयार झाली.

आणि रंगाचे काय? लोहाराची विद्या येथेही कामास आली. टायटॅनियमचे जोडकाम करणारा कारागीर जोड निवेपर्यंत त्यावर आर्गॉनचा झोत धरून ठेवतो आणि मग रंग पाहतो. चांदीसारखा रंग असला तर काम उत्तम. फिकट पिवळा असला तर चालण्याजोगे. जांभळा किंवा निळा आला, तर हवा लागल्याची शंका. करडा किंवा पांढरा भुरा धरला, तर जोड कापून टाकावा. पण आपण मघाशी पाहिले, की रंग सांगतो तो पापुद्र्याच्या जाडीबद्दल. प्राणवायू आत किती खोल मुरला, हे तो सांगत नाही. शिवाय थर जाड होत गेला की रंगांचे चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरू लागते. घासून किंवा आम्लाने पुसून रंग नाहीसा करता येतो. मुरलेला प्राणवायू मात्र तेथेच राहू शकतो. तेव्हा उजळ पृष्ठभाग म्हणजे निर्दोष धातू, असे समजून चालत नाही.

आतला दोष बाहेरून दिसत नाही, याची फार दुःखद साक्ष १९८९ साली मिळाली. १९ जुलैला २९६ माणसे घेऊन एक विमान अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोकडे निघाले होते. वाटेत त्याच्या शेपटीतील इंजिनाची पंख्याची मोठी चकती फुटली. ती चकती त्याच सहा-चार मिश्रधातूची होती. तिच्या तुकड्यांनी विमान वळवणाऱ्या यंत्रणेच्या तिन्ही तेलनळ्या निकामी केल्या. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीअधिक करीत ते सू सिटीच्या विमानतळापर्यंत आणले. पण उतरताना ते कोसळले. १८४ माणसे वाचली, ११२ दगावली. चकतीचे मोठे तुकडे त्यानंतर तीन महिन्यांनी मक्याची कापणी चालू असताना एका शेतात सापडले. तपासात कळले, की मुळात धातू वितळवतानाच तिच्यात नत्रवायूने भरलेला एक बारीक कठीण डाग राहून गेला होता. म्हणजे दोष तोच, हवा पिण्याचा; फक्त सालीवर न राहता तो पोटात राहिला होता. तेथून भेग निघाली आणि विमानाच्या प्रत्येक उड्डाणाबरोबर वाढत गेली. अखेरच्या तपासणीत ती नजरेतून सुटली, असा निष्कर्ष चौकशी मंडळाने काढला. यानंतर धातू वितळवण्याच्या आणि तपासण्याच्या रीती अधिक कडक झाल्या. वितळलेला धातू पाण्याने थंड राखलेल्या तांब्याच्या उथळ पात्रातून सावकाश वाहू देण्याची पद्धत वाढीस लागली. असे डाग विरघळून जाण्यास तीत पुरेसा अवधी मिळतो.

आता याच कवचाची दुसरी, उपकारक बाजू पाहू. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगव्हार ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडातील रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी टायटॅनियमची एक लहान डबी हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर डबी काढू गेले, तर ती निघेना! हाड तिला घट्ट धरून बसले होते. शरीराला लोखंडाचा कण टोचतो, मग हा धातू कसा चालला? कारण हाडाची गाठ धातूशी पडतच नाही, ती पडते त्याच्या न विरघळणाऱ्या कवचाशी. १९६५ साली ब्रोनेमार्क यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसवून त्यावर दात उभे केले. आणि ती मुळे पुढे चाळीस वर्षे टिकली.

हाडासाठी पुढे मिश्रधातूही आली. तिच्यातील व्हॅनेडियम शरीरात उतरेल अशी काळजी वाटू लागली, तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या जागी नायोबियम घालून नवी मिश्रधातू तयार करण्यात आली. १९९० च्या दशकात जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या तादाशी कोकुबो यांनी तर कवचच बदलून पाहिले. टायटॅनियम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ६० अंशांवर एक दिवस ठेवावयाचे. त्याने अंगावर एक मऊ थर येतो. पण तो नखानेही सुटावा असा. मग ते ६०० अंशांवर एक तास तापवावयाचे. कुंभाराचे कच्चे मडके आव्यात जसे पक्के होते, तसा तो थर पक्का होतो. शरीरात गेल्यावर या थरावर हाडाच्याच जातीचे खनिज जमू लागते आणि हाड त्याला जोडले जाते. २००७ पासून जपानमध्ये अशा रीतीचे कृत्रिम खुबे रुग्णांना बसवू लागले. पाहा, विमानाच्या चकतीला जी आच संशयास्पद, तीच येथे उपचार ठरली! फरक एवढाच, की येथे आच किती, वेळ किती आणि थर कशाचा, हे आधी ठरवलेले आहे.

या इतिहासात भारताचे पाऊलही पडले आहे. हैदराबादच्या संरक्षण धातु-संशोधन प्रयोगशाळेने स्पंज बनवण्याची आपली पद्धत सिद्ध केली आणि २०११ साली केरळमधील चवरा येथे वर्षाला ५०० टन क्षमतेचा कारखाना त्या पद्धतीने सुरू झाला. त्यासाठी पैसा पुरवला तो अवकाश-संशोधनाच्या खात्याने. ज्या किनाऱ्यावरून १९२२ पासून काळी वाळू परदेशी जात होती, तेथेच तिचा धातू होऊ लागला.

शिक्षक बंधुभगिनींना येथे एक सुचवावेसे वाटते. वर्गात 'लोखंड गंजते' एवढे सांगून आपण थांबतो. गावातल्या लोहाराकडे मुलांना न्या आणि पोलादाचा रंग कसा पालटतो ते दाखवा. साबणाचा फुगा दाखवा. पांढऱ्या तैलरंगाचा डबा दाखवा. त्यातला पांढरेपणा बहुधा टायटॅनियमच्या भस्माचाच असतो. आणि मग विचारा, की हेच भस्म भिंतीवर पांढरे दिसते, जोडावर निळे दिसते आणि हाडातल्या खिळ्यावर दिसतच नाही, ते का? उत्तर मुलांनाच काढू द्या. जाडी हा शब्द त्यांच्या तोंडून येईपर्यंत थांबा.

आपल्या घरी किंवा शेजारी कोणाच्या पायात टायटॅनियमची पट्टी बसवलेली असेल. ती पट्टी तयार करताना कोणीतरी भट्टीतली हवा काढली, आच मोजली, वेळ पाहिला आणि साल उतरवली. यांतले एक जरी चुकले असते, तरी पट्टी तितकीच चकचकीत दिसली असती. पण बांधावरून उतरताना, डोक्यावर ओझे घेताना तिने दगा दिला असता. ज्याचा दोष डोळ्यांना दिसत नाही, त्या कामात माप पाळावेच लागते. टायटॅनियमच्या कवचाचा सारा इतिहास म्हणजे हे माप शिकण्याचा इतिहास होय. एवढे सांगून मी आपली रजा घेतो.